कारण : वाचनासाठी

शाळेत त्यांना सगळे किल्लीसर म्हणत. ते शिकवत काहीच नसत, तेव्हा त्यातलं ‘सर’ नुसतं मानापुरतं. ‘किल्ली’ मात्र अगदी खरी. पट्ट्याला लटकणारा त्यांचा जुडगा असा खुळखुळायचा, की ते जिन्याच्या खालच्या पायरीवर असतानाच वरच्या मजल्यावरचे वर्ग चिडीचूप होत. संगणकाची खोली, तिथली तीन लोखंडी कपाटं आणि बत्तीस लॅपटॉप त्यांच्या ताब्यात होते. बावीस वर्षांत त्या खोलीतून एक माऊससुद्धा हरवला नव्हता. ही गोष्ट ते आपणहून कुणाला सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितलीच तर “बावीस वर्षं चार महिने” अशी दुरुस्ती करत.

संशय त्यांच्याकडे वडिलांकडून आला होता. वडील एका गोदामावर पहारेकरी. एका दुपारी कडक इस्त्रीचा माणूस ट्रक घेऊन आला, “मी मालकांचा भाचा” म्हणाला, वडिलांच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली आणि आत गेला. वडिलांनीच फाटक उघडून दिलं. ट्रक भरून बाहेर पडला, तेव्हा वडिलांचा डबा घेऊन आलेल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून त्या माणसानं मायेनं हात फिरवला. मालकांना भाचाच नव्हता. वडिलांची नोकरी गेली ती गेली, आणि पुढे सख्खा भाऊ दारात आला तरी ते आतून विचारायचे, “कोण? आणि बरोबर आणखी कोण आहे?” तो डोक्यावरून फिरलेला हात किल्लीसर पन्नाशी उलटली तरी विसरले नव्हते. कुणी फार गोड बोलायला लागलं की त्यांच्या मनात पाल चुकचुकायची.

त्यांची बायको घरीच शिवणकाम करायची. ती म्हणायची, “तुम्ही आरशात बघतानाही आधी मागं कोण उभं आहे ते बघता.”

शाळेत आधी इतकी कडक शिस्त नव्हती. पण सहा वर्षांपूर्वी खेळाच्या सरांनी सहलीचे फोटो दाखवायला म्हणून एक पेन ड्राइव्ह आणला, तो चार लॅपटॉपना लावला, आणि त्यातून जे काही आत शिरलं त्यानं परीक्षेच्या आठ दिवस आधी सगळ्या प्रश्नपत्रिकांचं भजं करून टाकलं. कुठलीही उघडा, नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. किल्लीसरांनी तीन दिवस बसून सगळे पेपर हातानं पुन्हा टाइप केले. खेळाचे सर येता-जाता “चुकून झालं हो” म्हणत राहिले. किल्लीसर त्यांना काही बोलले नाहीत. त्यांनी बत्तीसच्या बत्तीस लॅपटॉपच्या यूएसबीच्या खाचा बंद करून टाकल्या.

म्हणजे खाचा दिसायला होत्याच. पण प्रत्येक लॅपटॉपवर दोन खाती होती. एक मुख्य, ज्याचा पासवर्ड फक्त किल्लीसरांच्या डोक्यात. दुसरं साधं, मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी. साध्या खात्यावरून माऊस तेवढा चालायचा. बाकी काहीही खुपसलं की पडद्यावर एकच ओळ उमटायची, ‘या उपकरणासाठी आपल्याला परवानगी नाही.’ ज्याला परवानगी हवी त्यानं जोडणी अर्ज भरायचा. नाव, वर्ग, उपकरण, कारण. अर्ज पटला तर किल्लीसर स्वतः येऊन मुख्य पासवर्ड टाकणार. महिनाअखेर मंजूर अर्जांची यादी, नाव आणि कारणासकट, मुख्याध्यापिकांकडे जायची आणि त्या ती शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर लावायच्या, म्हणजे कसं, सगळं उजेडात.

विज्ञानाचे नवे सर या प्रकाराला फार वैतागले होते. शाळेनं यूएसबीवर चालणारे बारा सूक्ष्मदर्शक घेतले होते. कांद्याची पेशी दाखवायची तर दर तासाला किल्लीसर येणार, बारा लॅपटॉपसमोर वर्गाकडे पाठ करून उभे राहणार, एका हाताच्या तळव्यानं कळा झाकून दुसऱ्या हातानं पासवर्ड टाकणार. शेवटची पेशी दिसेपर्यंत घंटा व्हायची.

“सर, मुलांना स्वतःचं स्वतः लावू द्या ना,” विज्ञानाचे सर म्हणायचे.

“आणि सूक्ष्मदर्शकाच्या नावाखाली दुसरंच काही लावलं तर?”

“दुसरं काय लावणार? कांदा?”

किल्लीसरांना विनोद कळला होता. ते हसले नाहीत.

त्या वर्षी सहामाही परीक्षेनंतर कुजबुज सुरू झाली, की गणिताचा पेपर फुटला. काही मुलांना शेवटची दोन गणितं तोंडपाठ होती म्हणे. मुख्याध्यापिकांनी किल्लीसरांना बोलावून दार लोटून घेतलं. प्रश्नपत्रिका टाइप होत त्या संगणकाच्या खोलीत, आणि छापलेले गठ्ठे राहत ते तिथल्याच कपाटात.

“तुमच्यावर माझा शंभर टक्के विश्वास आहे,” त्या म्हणाल्या, “पण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. वार्षिकचे पेपर आता तयार होतील.”

‘शंभर टक्के विश्वास’ हे शब्द किल्लीसरांना खटकले. विश्वास असतो तेव्हा कुणी आकडा सांगत नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ते थांबले. कोणत्या खाचेत कधी काय लावलं, याची नोंद प्रत्येक लॅपटॉप आपल्या पोटात ठेवत असतो. ती नोंद लांबलचक आणि रटाळ असते, म्हणून त्यांनी ती वर्षानुवर्षं उघडली नव्हती. त्यांनी एक नंबरचा लॅपटॉप उघडला. तीन आठवड्यांपूर्वीचा सोमवार, दुपारी बारा त्रेचाळीस, साधं खातं, उपकरण कॅमेरा, परवानगी नाकारली. असेल कुणीतरी. त्यांनी दोन नंबर उघडला. मंगळवार, बारा एक्केचाळीस, कॅमेरा, नाकारली. तीन नंबर, बुधवार. चार नंबर, गुरुवार. सात नंबरपर्यंत येईतो त्यांनी तारखा कागदावर उतरवायला घेतल्या होत्या. शाळेचा एक दिवस, एक लॅपटॉप. ओळीनं सतरा.

गल्लीत शिरलेला माणूस जसा एकेक दार हळूच ढकलून बघतो, कुठली कडी लावायची राहिलीय का, तसं कुणीतरी त्यांचे लॅपटॉप ढकलून बघत होतं. तेही रोज मधल्या सुट्टीत. तेव्हा खोलीत मुलांना बंदी असे. शिक्षक मात्र पुढच्या तासाची तयारी करायला येऊ शकत. लॅपटॉप टेबलांवर मांडलेलेच असत, आणि किल्लीसर साडेबारा ते एक दहा खाली कचेरीत डबा खात असत. म्हणजे जो कुणी होता त्याला त्यांच्या डब्याची वेळ ठाऊक होती. आपण ज्यांच्यावर पाळत ठेवायची तेच आपल्यावर ठेवून आहेत, या विचारानं ते उठले आणि दाराला आतून कडी घालून आले.

आणि कॅमेरा कशाला? ते उघड होतं. कागदांचे फोटो काढायला.

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन खाली निघाले आणि जिन्याच्या वळणावर थांबले. पाचच मिनिटांत विज्ञानाचे सर इकडेतिकडे बघत खोलीत शिरले आणि काखेत खोकं मारून बाहेर आले. संध्याकाळी अठरा नंबरवर नोंद सापडली. सापडलाच, असं किल्लीसर स्वतःशी म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळी मधली सुट्टी विज्ञानाच्या सरांवर नजर ठेवली. सर त्या दिवशी मैदानावर शिट्टी घेऊन मुलांच्या मारामाऱ्या सोडवत होते. एक क्षणही हलले नाहीत. संध्याकाळी पाहतात तो एकोणीस नंबरवर नोंद! ज्याच्यावर पाळत ठेवली तो समोर, आणि खोलीवर लक्ष ठेवायला मात्र कुणीच नाही. किल्लीसरांना स्वतःचाच राग आला.

मग त्यांनी अर्जांची फाइल काढली. वर्षभरात कॅमेऱ्यासारखं काही मागणारे दोघंच होते. एक विज्ञानाचे सर. दुसऱ्या, भूगोलाच्या बाई.

भूगोलाच्या बाई शाळेत एकतीस वर्षं होत्या. उंच, करड्या आवाजाच्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. त्यांचा अर्ज दोन महिन्यांपूर्वीचा. उपकरण : कॅमेरा, छोटा. वर्ग : सर्व. कारण : वाचनासाठी. खाली किल्लीसरांनीच लाल शाईनं लिहिलं होतं, ‘कॅमेऱ्याने वाचन होत नाही. कारण स्पष्ट करावे.’ बाईंनी पुन्हा अर्ज केलाच नव्हता. कारण खरं असतं तर त्या भांडायला आल्या नसत्या? भांडायला त्या कधी कुणाला भ्यायल्या नव्हत्या.

आता एकदा वहीम आल्यावर काय, जे बघावं त्यात काळंबेरं दिसायला लागलं. बाई पूर्वी जिन्याच्या मधून ताठ चालायच्या. आता भिंतीला धरून, अंग चोरून जात होत्या. किल्लीसरांनी व्हरांड्यात मुद्दाम समोर जाऊन मान हलवून नमस्कार केला, तर बाई त्यांच्या खांद्यापलीकडे कुठंतरी बघत सरळ निघून गेल्या. नजर चुकवत होत्या! बैठकीत कागद वाटले की त्या आपला कागद नाकाला टेकेपर्यंत जवळ धरायच्या, शेजारच्याला दिसू नये म्हणून. हजेरीच्या वहीत तर त्यांनी दोनदा दुसऱ्याच्याच नावासमोर सही केली होती. आणि वर्गात? वह्या तपासायचं सोडून मुलांना उभं करून उत्तरं मोठ्यानं वाचायला लावत होत्या. कामात लक्षच नव्हतं. लक्ष दुसरीकडे होतं.

घरी त्यांनी हे सगळं बायकोला सांगितलं. ती काज करत होती.

“कागद जवळ धरला म्हणजे लपवला?” ती म्हणाली. “सुईत दोरा ओवताना मी कुणापासून लपवते?”

“तुला नाही कळायचं. एकतीस वर्षांची बाई उगाच नजर चुकवत नाही.”

“बरं बाबा. तुम्हाला सगळेच चोर.”

वीस नंबरवरही नोंद झाली. एकवीसवर किल्लीसरांनी सापळा लावला. सकाळीच मुख्य पासवर्ड टाकून त्यांनी त्या एका लॅपटॉपवर साध्या खात्याला कॅमेरा खुला करून ठेवला. मुलांचे पडदे शिक्षकांना आपल्या यंत्रावर बघता यावेत अशी सोय होती, तीही चालू केली. शेजारी अडगळीची खोली होती, तिथं मोडक्या खुर्च्यांमध्ये त्यांनी आपला लॅपटॉप मांडला. काय चोरलं जातंय ते आधी डोळ्यांनी बघायचं, मग माणूस धरायचा. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी रुमालात घट्ट गुंडाळून खिशात घातला.

बारा बेचाळीसला शेजारच्या खोलीचं दार वाजलं. खुर्ची सरकली. किल्लीसरांच्या पडद्यावर आधी राखाडी धुकं आलं, मग पांढरं, आणि मग एक काळीभोर रेघ, त्यांच्या मनगटाएवढी जाड. दुसऱ्या खोलीतून कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं.

रेघ सरकली. तिच्या मागून वेलांटी आली. ते अक्षर होतं. पडद्यावर एका वेळी जेमतेम तीन अक्षरं मावत होती, आणि ती मुंगीच्या पावलांनी डावीकडे सरकत होती. किल्लीसर श्वास रोखून जुळवू लागले. दि-व-सा. वा-रे. समु-द्रा-कडू-न. जमि-नी-कडे. प्रश्नपत्रिका! पण हे अक्षर छापील नव्हतं. कुणा मुलाचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर होतं, मध्ये मध्ये खाडाखोड. पडद्यावर एक बोट आलं, नखाला लाल शाई लागलेलं, आणि ओळीखालून सरकत राहिलं. उत्तरपत्रिका. उत्तरपत्रिका तर बाईंच्याच ताब्यातल्या, त्यांचे फोटो त्या कशाला काढतील? फोटो निघतही नव्हते. कुठं काही साठवलं जात नव्हतं. नुसती अक्षरं येत होती आणि जात होती.

‘रा-त्री. वा-रे. पर-त. घ-री. जा-ता-त.’

शेजारच्या खोलीत बाई खळखळून हसल्या. किल्लीसरांच्याही तोंडावर हसू आलं होतं. ते त्यांनी पुसलं आणि उठले.

ते दारात जाऊन उभे राहिले. बाईंनी मान वळवली. दुपारचं ऊन किल्लीसरांच्या थेट अंगावर पडलं होतं, मध्ये फार तर दोन हातांचं अंतर.

“कोण?” बाईंनी विचारलं.

किल्लीसर बोलले नाहीत. बाईंची नजर त्यांच्या कानाच्या बाजूला कुठंतरी होती.

“कोण आहे? बोला ना.” बाईंनी हातानं उत्तरपत्रिका जवळ ओढल्या.

“मी,” किल्लीसर म्हणाले.

“तुम्ही होय! किल्ल्या कुठं गेल्या तुमच्या? जीव गेला ना माझा.”

इथं खरं तर सगळं कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. पण डोक्यावरून फिरलेला तो जुना हात अजून तिथंच होता. किल्लीसरांनी टेबलावरचं रजिस्टर उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं. “हे वाचा.”

बाईंनी मान जराशी वाकडी करून बघितलं. मग म्हणाल्या, “रजिस्टर आहे. दिसलं नाही, पण तुमच्या हातात दुसरं काय असणार? आणखी काही तपासायचं असेल तर तपासून घ्या.”

किल्लीसरांनी रजिस्टर खाली ठेवलं.

“मधलं दिसत नाही मला,” बाई म्हणाल्या. “कडेकडेचं दिसतं. समोर बघितलं की माणसाचा चेहरा फडक्यानं पुसल्यासारखा. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. आहे ते किती टिकेल, सांगता येत नाही. बहिणीच्या मुलीनं हा कॅमेरा आणून दिला. कागदावर धरला की अक्षर मोठं होतं. घरचा संगणक जुना, तो याला ओळखत नाही. आणि उत्तरपत्रिका शाळेबाहेर न्यायच्या नाहीत.”

“अर्ज…”

“दिला होता की. तुम्हीच परत पाठवलात. कॅमेऱ्यानं वाचन होत नाही म्हणे.”

“कारण नीट लिहायचं होतं.”

“नीट लिहिलं असतं, तर महिनाअखेर फळ्यावर कुणी कुणी वाचलं असतं, सर?”

किल्लीसरांनी टेबलावरचं रजिस्टर उगाच सरळ केलं.

“म्हटलं, बत्तीसातला एखादा तरी तुमच्या हातून सुटला असेल,” बाई म्हणाल्या.

“सुटत नाही,” किल्लीसर सवयीनं म्हणाले.

“आज सुटला की.”

“तो मी मुद्दाम उघडा ठेवला होता.”

“माझ्यासाठी?”

“चोरासाठी.”

बाहेर मैदानावर मुलं ओरडत होती. बाईंनी कॅमेऱ्याची वायर गुंडाळायला घेतली. “इतके दिवस मुलांकडून वाचून घेतलं. पण लबाड असतात हो, वाचताना आपल्याच चुका सुधारून वाचतात. सगळ्यांना भरपूर मार्क पडायला लागले. मुख्याध्यापिकांना सांगायचंय मला. पण त्याआधी बघायचं होतं, या यंत्रानं जमतं का. जमलं असतं तर मान वर करून सांगितलं असतं.” जरा थांबून त्यांनी विचारलं, “तुम्ही सांगणार?”

“उद्या बघू,” किल्लीसर म्हणाले. घंटा झाली.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, रजिस्टरचं सोडून. मग तेही सांगितलं. बायकोनं हातातली कात्री खाली ठेवली.

“‘हे वाचा’ म्हणालात? तिला?”

“खात्री करायला नको?”

“झाली?”

ते उठून पाणी प्यायले. मग म्हणाले, “तिनं खरं कारण लिहिलं असतं तर मी मंजूर केलं असतं.”

“आणि मग?”

“यादीत गेलं असतं.”

“आणि यादी?”

“फळ्यावर.”

बायको पुन्हा कात्री घेऊन कापड कापायला लागली. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं, असं त्यांना झालं.

एकट्या बाईंना गुपचूप परवानगी देता आली असती, पण यादीत नाव न घालता ती देणं म्हणजे लबाडी, आणि नाव घालणं म्हणजे फळा. उरला एकच रस्ता. ज्याला परवानगीच लागत नाही, त्याची यादी निघत नाही.

पुढच्या तीन दुपारी किल्लीसर एकेका लॅपटॉपसमोर बसले. इतकी वर्षं ते यूएसबीकडे एकच दार म्हणून बघत आले होते, लावायचं नाहीतर उघडायचं. आता नीट वाचल्यावर कळलं, की खाचेत काही लागलं की लॅपटॉप आधी विचारतो, तू कोण? आणि ती वस्तू आपली जात सांगते. मी कॅमेरा, मी सूक्ष्मदर्शक, मी हेडफोन, मी साठवण. जो प्रश्न आपले वडील दारातून विचारायचे तो हे यंत्र आधीपासून विचारत होतं. उत्तर मात्र किल्लीसरांनी कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. त्यांनी नवा नियम लिहिला : साठवणीच्या वस्तूंना बंदी कायम, बाकीच्यांना साधं खातं खुलं. पहिल्या दिवशी एक शब्द चुकला आणि चार नंबरच्या लॅपटॉपनं माऊससुद्धा ओळखायचं नाकारलं. दुसऱ्या दिवशी जमलं. विज्ञानाच्या सरांकडून मागून घेतलेला सूक्ष्मदर्शक त्यांनी पासवर्डाशिवाय लावला आणि तो चालला. मग एक पेन ड्राइव्ह लावला, नाकारला. पुन्हा लावला, नाकारला. बत्तीस लॅपटॉप, प्रत्येकाला तीन-तीन वेळा.

महिनाअखेर फळ्यावर यादीऐवजी त्यांच्या हस्ताक्षरातला एक कागद लागला : ‘पेन ड्राइव्ह व साठवणीच्या इतर वस्तूंना बंदी. अन्य उपकरणांसाठी अर्जाची व कारणाची गरज नाही.’

शाळेत एकच खळबळ उडाली. किल्लीसर आणि कारण विचारणार नाहीत? खेळाचे सर म्हणाले, पासवर्ड विसरले असणार. विज्ञानाच्या सरांना वाटलं यात काही डाव आहे. त्यांनी पहिला सूक्ष्मदर्शक लावताना चार मुलांना साक्षीला उभं केलं. आपण आलो की शिक्षकांच्या खोलीतलं बोलणं तुटतं, हे किल्लीसरांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ते शांततेचे प्रकार ओळखत होते. ही शांतता कुणाविषयी असते, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. “मागच्या महिन्यात तुम्ही मला माझं घड्याळ चार्ज करायला लावू दिलं नव्हतंत. आणि आता एकदम सगळं खुलं? तेही पेपर तयार व्हायच्या वेळेला?”

“साठवण बंदच आहे, मॅडम.”

“कॅमेरा चालतो?”

“चालतो.”

“कुणी मागितलं तुमच्याकडे?”

“सध्या लेखी मागणी नाही.”

“मग कुणासाठी केलंत?”

“सगळ्यांसाठी.”

मुख्याध्यापिका त्यांच्याकडे बघत राहिल्या. ते बघणं किल्लीसरांनी लगेच ओळखलं. ते स्वतः तसंच बघायचे. “गैरसमज करून घेऊ नका,” त्या शेवटी म्हणाल्या, “पण परीक्षा होईपर्यंत पेपरच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे राहू दे.”

किल्लीसरांनी जुडग्यातून ती काढली. नख तुटलं. बावीस वर्षांत ती पहिल्यांदाच सुटी झाली होती. खाली उतरताना एक किल्ली कमी झालेल्या जुडग्याचा आवाज वेगळा येतो, हे त्यांना कळलं. घरी त्यांनी सांगितलं नाही. दोन दिवस डबा तसाच परत आला, तेव्हा बायकोनं विचारलं आणि ते म्हणाले, पोट बरं नाही.

तो आवाज आणखी एका माणसाला कळला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते संगणकाच्या खोलीत आले. भूगोलाच्या बाई खिडकीजवळ कॅमेरा लावून बसल्या होत्या. शेजारी विज्ञानाच्या सरांचं सूक्ष्मदर्शकाचं खोकं, त्यामुळे कुणाचं बाईंकडे लक्षही नव्हतं.

“एक किल्ली कमी झालीय का हो?” मान वर न करता बाईंनी विचारलं.

“नाही.”

“खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला. जुडगा हलका वाजतोय. कुठली गेली?”

किल्लीसरांनी सांगितलं नाही. पण शाळेत अशा गोष्टी शिपायालाही ठाऊक असतात, आणि बाईंनी शिपायाला चौथीत असताना अंगठे धरून उभं केलं होतं. त्यानं घडाघडा सांगितलं. बाई उत्तरपत्रिकांचा तपासलेला गठ्ठा छातीशी धरून भिंतीच्या आधारानं मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. अर्धा तास दार बंद होतं. आतून आधी बाईंचाच आवाज येत होता, मग बराच वेळ कुणाचाच नाही.

सुटायच्या घंटेला मुख्याध्यापिका स्वतः वर आल्या. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. “तुम्ही सांगायला हवं होतंत,” त्या म्हणाल्या.

“ती गोष्ट माझी नव्हती,” किल्लीसर म्हणाले. त्यांनी किल्ली उचलली, उलटसुलट करून पाहिली, आणि मुख्याध्यापिका गेल्यावर कपाट उघडून सगळे गठ्ठे मोजले. किल्लीवर छाप घेतल्याच्या खुणा नाहीत ना, हेही पाहिलं. स्वभावच तो.

गणिताच्या पेपरचं पुढं कळलं, की गणिताच्या सरांनी आळसानं तीन वर्षांपूर्वीचाच पेपर पुन्हा दिला होता, आणि एका मुलीच्या मोठ्या बहिणीनं जुने पेपर जपून ठेवले होते. चोर कुणीच नव्हता. किल्लीसरांना ही बातमी मनातून फारशी पटली नाही.

भूगोलाच्या बाईंनी दोन्ही वर्षं पुरी केली. मुलांना त्यांनी स्वतःच सांगितलं, त्यामुळे फळ्यावर काही चिकटवायची वेळ आली नाही. नकाशे त्या मोठ्या पडद्यावर घेऊन शिकवत. कॅमेरा नदीवरून हळूहळू सरकवत नेत, उगमापासून मुखापर्यंत, आणि मुलं म्हणत की नदी इतकी लांब असते हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटच्या सहा महिन्यांत अक्षर कितीही मोठं केलं तरी पुरेना. तेव्हा वह्या विज्ञानाच्या सरांनी तपासल्या.

पुढं किल्लीसरही निवृत्त झाले. नव्या माणसाला पासवर्ड देताना त्यांनी आधी त्याला खोलीबाहेर पाठवून दाराला कडी घातली, आणि मग, तो बाहेरच राहिला हे लक्षात येऊन, त्याला आत घेतलं.

आता दर गुरुवारी सकाळी ते बाईंच्या घरी वर्तमानपत्र वाचून दाखवायला जातात. बाई खुर्चीत डोळे मिटून ऐकतात. परवा चौथ्या पानावर डोळ्यांच्या एका नव्या औषधाची बातमी होती. वरवर बघताच किल्लीसरांना त्यात दम वाटला नाही. ते ती सोडून थेट पुढच्या बातमीवर गेले.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “मधलं काहीतरी गाळलंत तुम्ही.”

“नाही हो. जाहिरात होती.”

“कसली?”

“साबणाची.”

“किल्लीसर,” बाई डोळे उघडून त्यांच्या कानाच्या बाजूला बघत म्हणाल्या, “पान पहिल्यापासून वाचा.”

त्यांनी चष्मा पुसला, पान सरळ केलं, आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं.